पोस्टग्रेसचं व्हर्जन बदललं आणि फरक बिल अडकलं: अपग्रेडनंतर मंदावलेल्या क्वेऱ्या कशा शोधायच्या

दिवाळीच्या तोंडावर दूध संस्थेत फरक बिल निघतं. वर्षभर दर दहा दिवसांनी फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) यांप्रमाणे बिल मिळतच असतं, पण वर्षाचा हिशेब बसला की लिटरमागे ठरलेला फरक दिवाळीआधी उत्पादकाच्या खात्यावर जमा होतो. घरोघरी त्या पैशावर कपडे, फराळ, दुकानाची उधारी असं बरंच काही अवलंबून असतं. तालुक्यातल्या काही गावच्या संस्थांचा एकत्र डेटाबेस मी सांभाळतो; तो पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतो. आदल्या वर्षी तिथे फरक बिलाला चारेक मिनिटं लागली होती. अपग्रेडनंतरच्या पहिल्या दिवाळीत दीड तास झाला तरी ते निघेना आणि सचिवांचे फोन सुरू झाले.

अपग्रेड होऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. पोस्टग्रेस ११ वरून १५ वर नेलं होतं. सकाळ-संध्याकाळचं संकलन, दहा दिवसांची बिलं, पशुखाद्याची कपात, सगळं नीट चालू होतं. त्यामुळे अपग्रेडचा संशय कुणालाच आला नाही. डिस्क जुनी झाली, रॅम कमी पडते, नवा सर्व्हर घ्या, अशीच चर्चा झाली. खरं कारण आकडेवारीत होतं, आणि ते सापडल्यावर दुरुस्तीला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यानंतर हाच प्रकार मी आणखी दोन ठिकाणी पाहिला. म्हणून कोणत्या क्रमाने काय तपासायचं ते इथे सविस्तर लिहितो. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; सेटिंगच्या फाइलमध्ये शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर येतो एवढं लक्षात ठेवा.

सर्वांत आधी एक गोष्ट वेगळी काढा. सर्व्हर नुकताच बंद करून चालू केला असेल तर मेमरीतला सगळा डेटा गेलेला असतो आणि पहिला काही वेळ प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) डिस्कवरून वाचते. ही मंदी आपोआप ओसरते. तीच क्वेरी लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्यांदा झटकन आली तर फक्त कॅश (मेमरीतला साठा) थंड होती. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तितकाच वेळ लागला तर क्वेरीची वाट बदलली आहे असं समजा. डेटा तोच, क्वेरी तीच, यंत्र तेच, आणि वेळ मात्र वीसपट, याचा अर्थ बहुतेक वेळा प्लॅनरने, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या भागाने, दुसरा रस्ता धरला आहे.

प्लॅनर रस्ता ठरवतो तो आकडेवारीवरून. कोणत्या कॉलममध्ये किती वेगळी मूल्यं आहेत, कोणतं मूल्य जास्त वेळा येतं, तारखा कुठून कुठपर्यंत पसरल्या आहेत, हे सगळं अ‍ॅनालाइझ ही कमांड टेबलचा नमुना घेऊन नोंदवून ठेवते. पीजी-अपग्रेड हे पोस्टग्रेसचं अपग्रेडचं साधन वापरून मोठं व्हर्जन बदललं की टेबलं आणि इंडेक्स (झटपट शोधायच्या सूच्या) जसेच्या तसे नव्या घरात येतात, पण १७ पर्यंतच्या व्हर्जनमध्ये ही आकडेवारी येत नाही. नव्या घरातला प्लॅनर कोऱ्या पाटीने काम सुरू करतो. (११.५ वरून ११.९ अशा छोट्या अपडेटमध्ये हे होत नाही. तिथे आकडेवारी जागेवरच राहते.)

आकडेवारी नसली की तो ठरलेले अंदाज वापरतो, आणि हे अंदाज माहीत असले की पुढचं सगळं कोडं सुटतं. एखादा कॉलम अमुक मूल्याइतका आहे अशी अट असेल तर तो त्या कॉलममध्ये २०० वेगळी मूल्यं आहेत असं धरतो, म्हणजे दर हजारी पाच ओळी जुळतील असा हिशेब. ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी दुहेरी अट असेल तरी दर हजारी पाचच. आमचं संकलनाचं टेबल महिन्यावार पार्टिशन केलेलं, म्हणजे दर महिन्याच्या नोंदींचं वेगळं उपटेबल असलेलं आहे आणि प्रत्येक महिन्यात साधारण चार लाख नोंदी आहेत. फरक बिलाच्या क्वेरीत दोन अटी होत्या: तारीख वर्षाच्या आत असावी आणि नोंदीची स्थिती ‘मंजूर’ असावी. चार लाखांचे हजारी पाच म्हणजे दोन हजार, त्यांचे पुन्हा हजारी पाच म्हणजे दहा. प्लॅनरला वाटलं, महिन्याला दहा ओळी येतील. प्रत्यक्षात जवळजवळ सगळ्या चार लाख येत होत्या, कारण मंजूर नसलेली नोंद क्वचितच असते.

दहाच ओळी असतील तर प्रत्येक ओळ हातात घेऊन बिलाच्या टेबलात इंडेक्सवरून शोधत जाणं, म्हणजे नेस्टेड लूप, ही वाट खरोखर स्वस्त असते. आमचा तिथला इंडेक्स फक्त सभासद क्रमांकावर होता. एका सभासदाची वर्षाला ३६ बिलं, दहा वर्षांची ३६०. म्हणजे दुधाच्या प्रत्येक नोंदीमागे तीनशे साठ बिलं उचलायची आणि दहा दिवसांच्या हप्त्याचा क्रमांक जुळतो ते एक ठेवायचं. हे वर्षाच्या अठ्ठेचाळीस लाख नोंदींसाठी करायचं. आदल्या वर्षी याच ठिकाणी हॅश जॉइन होता: बिलांचं टेबल एकदा वाचायचं, सभासद आणि हप्ता या जोडीवर मेमरीत मांडायचं आणि नोंदी भराभर जुळवायच्या. चार मिनिटं आणि दीड तास यांतला फरक एवढाच.

मग सहा आठवडे हे दिसलं का नाही? ऑटोव्हॅक्यूम हा पोस्टग्रेसमध्ये मागे चालणारा देखभालीचा प्रोग्राम आकडेवारी आपोआप गोळा करतो, हे खरं आहे. पण तो टेबलमध्ये बदल झाला तरच जागा होतो. नेहमीचा हिशेब ५० ओळी अधिक टेबलच्या दहा टक्के असा असतो. अपग्रेडनंतर टेबलमध्ये किती ओळी आहेत हेही नोंदलेलं नसतं, तेव्हा तो ती संख्या शून्य धरतो आणि पन्नासहून जास्त ओळी बदलल्या की लगेच अ‍ॅनालाइझ करतो. म्हणून चालू महिन्याचं पार्टिशन, बिलं, कपात यांची आकडेवारी अपग्रेडच्या दुसऱ्याच दिवशी तयार झाली आणि रोजचं काम सुरळीत राहिलं. मागच्या महिन्यांच्या पार्टिशनमध्ये मात्र आता कुणी काही लिहीत नाही. बदल नाही, म्हणून ऑटोव्हॅक्यूम नाही, म्हणून आकडेवारी नाही. वर्षभर हात न लागलेली ही टेबलं एकाच दिवशी एकत्र वाचली जातात, ते फरक बिलाला. पतसंस्थेत हेच मार्चअखेरीला होतं, शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये निकालाच्या वेळी. अपग्रेडनंतर पहिले काही दिवस ठीक गेले, याचा भरवसा धरू नका.

तपासायला सोपं आहे. पीजी-स्टॅट-युजर-टेबल्स या व्ह्यूमध्ये (टेबलासारख्या वाचता येणाऱ्या यादीत) प्रत्येक टेबलापुढे शेवटचं अ‍ॅनालाइझ आणि शेवटचं ऑटो-अ‍ॅनालाइझ कधी झालं याचे दोन कॉलम आहेत. दोन्ही रिकामे असतील आणि पीजी-स्टॅट्स व्ह्यूमध्ये त्या टेबलाच्या नावाची एकही ओळ नसेल, तर दुसरं काही शोधत बसू नका.

उपायही सरळ आहे. पोस्टग्रेस युजरने व्हॅक्यूम-डीबी ही कमांड ‘ऑल’ आणि ‘अ‍ॅनालाइझ-इन-स्टेजेस’ हे पर्याय देऊन चालवा. ती तीन फेऱ्या करते. पहिल्या फेरीत अगदी ढोबळ आकडेवारी, दुसरीत थोडी बरी, तिसरीत पूर्ण. त्यामुळे लोकांना आत घ्यायची घाई असेल तर पहिल्या फेरीनंतरही डेटाबेस बऱ्यापैकी वापरता येतो. पण हा फेऱ्यांचा पर्याय फक्त कोऱ्या डेटाबेसवरच वापरा. आधीच चांगली आकडेवारी असलेल्या टेबलवर चालवला तर पहिल्या फेरीत ती पुसली जाऊन ढोबळ आकडे बसतात आणि तेवढा वेळ चांगल्या क्वेऱ्याही बिघडतात. आमच्यासारखी काही टेबलांची आकडेवारी झालेली आणि काहींची राहिलेली असेल तर ‘अ‍ॅनालाइझ-ओन्ली’ वापरा. ‘जॉब्स’ला चार-आठ आकडा दिला तर टेबलं समांतर उरकतात.

टेबल प्रचंड आहे म्हणून घाबरू नका. अ‍ॅनालाइझ सगळं टेबल वाचत नाही. स्टॅटिस्टिक्स टार्गेट नेहमीचं १०० असेल तर त्याच्या तीनशेपट, म्हणजे तीस हजार ओळींचा नमुना घेते, टेबल कोटीभर ओळींचं असलं तरी. ते चालू असताना वाचणं-लिहिणं थांबत नाही. दिवसा, संकलन चालू असतानाही चालवता येतं, आणि मी तसंच चालवलं.

पार्टिशन केलेलं टेबल असेल तर आणखी एक पायरी आहे आणि ती बहुतेकांकडून राहते. ऑटोव्हॅक्यूम पार्टिशनांची आकडेवारी घेतो, पण त्यांच्या वरच्या मूळ टेबलाची कधीच घेत नाही. सगळे महिने मिळून वेगवेगळे सभासद किती, हे प्लॅनरला मूळ टेबलाच्या आकडेवारीतून कळतं. म्हणून मूळ टेबलाचं नाव देऊन अ‍ॅनालाइझ हाताने चालवा आणि महिन्यातून एकदा क्रॉनला (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) लावून टाका. हे अपग्रेडपुरतं नाही. एरवीही गरजेचं आहे.

आकडेवारी नीट झाल्यावरही एखादी क्वेरी मंद असेल तर तिचा प्लॅन पाहा. प्लॅन दाखवणाऱ्या एक्स्प्लेन या कमांडला ‘अ‍ॅनालाइझ’ आणि ‘बफर्स’ हे दोन्ही पर्याय द्या. असं एक्स्प्लेन क्वेरी खरोखर चालवतं, त्यामुळे अपडेट किंवा डिलीट असेल तर आधी बिगिन आणि नंतर रोलबॅक करा, म्हणजे झालेला बदल मागे घेतला जातो. निकाल लांबलचक येतो, पण वाचताना दोनच आकडे शोधा: अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी. आतून बाहेर या, आणि जिथे हे दोन आकडे पहिल्यांदा शंभरपट-हजारपट दूर जातात तिथे थांबा. त्याच्या वरचं सगळं त्या एका चुकीचं फळ असतं. लूप्सचा आकडाही पाहा. प्रत्यक्ष ओळी आणि वेळ हे दर लूपमागचे सरासरी आकडे असतात. ओळी १, लूप्स ४,००,००० असं दिसलं तर ते चार लाख वेळा केलेलं काम आहे.

नेस्टेड लूप बंद करून पाहायची एक सेटिंग आहे. ती त्या सेशनपुरती (आपल्या एका जोडणीपुरती) बंद करून क्वेरी धावली तर निदान पक्कं होतं. पण ती सर्व्हरच्या फाइलमध्ये कायमची बंद करून ठेवलेली मी पाहिली आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की हा उपाय करू नये. एक सभासद, एक बिल अशा छोट्या शोधांना नेस्टेड लूपच लागतो. त्या ठिकाणी फरक बिल सुधारलं आणि काउंटरवरची पावती रखडली. घाईघाईत नवे इंडेक्स टाकणंही तसंच. प्रत्येक इंडेक्स संकलनाच्या प्रत्येक नोंदीला ओझं देतो, आणि मूळ कारण मिटल्यावर तो कशासाठी टाकला होता हे कुणाला आठवत नाही, म्हणून तो काढलाही जात नाही.

आता सेटिंगकडे. पीजी-अपग्रेड जुनी सेटिंगची फाइल आणत नाही. डेबियन आणि उबुंटूवरचं पीजी-अपग्रेडक्लस्टर ती उचलून आणतं. इतरत्र नवा सर्व्हर कारखान्याच्या सेटिंगवर उभा राहतो. शेअर्ड बफर्स (सामायिक कॅश) १२८ एमबी, वर्क मेम (एका सॉर्ट किंवा हॅशसाठीची मेमरी) ४ एमबी, रँडम पेज कॉस्ट (डिस्कवर इकडून तिकडे उडी मारून वाचण्याची धरलेली किंमत) ४. बत्तीस जीबी रॅमच्या मशीनवर हे फारच तोकडं आहे, आणि रँडम पेज कॉस्ट ४ हा फिरत्या डिस्कच्या काळातला आकडा आहे. एसएसडीवर बरेच जण १.१ च्या आसपास ठेवतात. जुन्या आणि नव्या सर्व्हरवर पीजी-सेटिंग्जमधून मूळ मूल्यापेक्षा वेगळ्या असलेल्या सेटिंग काढा आणि शेजारी ठेवून जुळवा. ऑल्टर सिस्टीमने केलेले बदल ऑटो-कॉन्फ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात, ते विसरू नका. जुनी फाइल मात्र अख्खी चिकटवू नका. मधल्या व्हर्जनांत काही सेटिंग काढल्या गेल्या आहेत. वॉल-कीप-सेगमेंट्स १३ मध्ये गेली आणि वॉल-कीप-साइझ आली. फाइलमध्ये जुनं नाव राहिलं तर सर्व्हर सुरूच होत नाही.

व्हर्जनागणिक प्लॅनरच्या वागण्यातही बदल झाले आहेत. ११ किंवा त्याआधीच्या व्हर्जनवरून येणाऱ्यांना तीन गोष्टी हमखास भेटतात.

पहिली, ‘विथ’ लावून लिहिलेल्या क्वेऱ्या. १२ च्या आधी विथमधला भाग वेगळा चालवून त्याचा निकाल बाजूला ठेवला जायचा. अनेकांनी याचा उपयोग भिंतीसारखा केला: आधी हे मोजून घे, मग पुढे जा. १२ पासून तो भाग एकदाच वापरला असेल, रिकर्सिव्ह नसेल आणि त्याचे काही साइड इफेक्ट नसतील, तर प्लॅनर तो बाहेरच्या क्वेरीत विरघळवून टाकतो. बहुतेक वेळा याने फायदाच होतो. पण मुद्दाम भिंत घातली होती तिथे ‘अ‍ॅज’ नंतर ‘मटीरियलाइझ्ड’ हा शब्द लिहा. जुनं वागणं परत येतं.

दुसरी, जिट कंपायलेशन. ११ मध्ये ते बंद असायचं, १२ पासून चालू असतं. क्वेरीची अंदाजे किंमत एक लाखाच्या वर गेली की पोस्टग्रेस तिच्या काही भागांचं यंत्रभाषेत रूपांतर करतं. पार्टिशन खूप असतील तर रूपांतर करण्यातच सेकंदभर जातो आणि क्वेरी स्वतः पाव सेकंदाची असते. एक्स्प्लेनच्या तळाशी जिटचा वेगळा भाग येतो, त्यात एकूण वेळ दिलेला असतो. तो मोठा दिसला तर सेशनमध्ये जिट बंद करून तुलना करा. आमच्याकडे छोटे व्यवहारच जास्त असल्यामुळे मी ते बंदच ठेवलं आहे.

तिसरी, बेरजा आणि गट. १३ च्या आधी ग्रुप बायसाठी केलेलं हॅश वर्क मेमच्या बाहेर गेलं तरी मेमरीच घेत राहायचं. १३ पासून ते मर्यादा पाळतं आणि उरलेलं डिस्कवर टाकतं. एक्स्प्लेनमध्ये हॅश अ‍ॅग्रिगेटखाली डिस्क युसेज दिसलं तर त्या अहवालापुरतं वर्क मेम वाढवा.

एक तपासणी मंदपणाची नाही, पण ती टाळू नका. पोस्टग्रेसबरोबर ऑपरेटिंग सिस्टीमही बदलली असेल, उदाहरणार्थ सेंटओएस ७ वरून त्याच घराण्यातल्या ८ किंवा ९ वर आला असाल, किंवा डेबियन ९ वरून १० वर, तर जी-लिबसी या लायब्ररीचं २.२८ व्हर्जन मध्ये ओलांडलं गेलं. त्यात अक्षरांचा अनुक्रम ठरवणारे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. नावांवरचे इंडेक्स जुन्या अनुक्रमाने रचलेले आहेत आणि शोधणारा नव्या अनुक्रमाने शोधतो. परिणाम असा की टेबलमध्ये असलेली व्यक्ती नावाने शोधल्यावर सापडत नाही, किंवा युनिक इंडेक्स असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा बसते. सभासदाचं नाव सापडत नाही म्हणून क्लार्क नवा सभासद उघडतो, आणि मग एका माणसाचे पैसे दोन खात्यांत वाटले जातात. ही चूक मंद अहवालापेक्षा कितीतरी गंभीर आहे. मजकुराच्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स री-इंडेक्स करा, म्हणजे नव्याने बांधा. १२ पासून ‘कन्करंटली’ लावून काम न थांबवता करता येतं. आधी खात्री करायची असेल तर अ‍ॅम-चेक हे एक्स्टेन्शन इंडेक्सची तपासणी करतं. १५ मध्ये डेटाबेसला जोडताना कोलेशन (अक्षरांच्या अनुक्रमाचे नियम) व्हर्जन जुळत नाही असा इशारा येतो. रिफ्रेश कोलेशन व्हर्जन ही कमांड दिली की तो इशारा गप्प होतो, पण इंडेक्स दुरुस्त होत नाहीत. ती री-इंडेक्सनंतरच द्या. संख्या आणि तारखांचे इंडेक्स, तसंच सी कोलेशनवरचे इंडेक्स यातून सुटतात. डम्प (डेटाची पूर्ण प्रत) घेऊन नव्या सर्व्हरवर रिस्टोर केलं असेल तर इंडेक्स नव्यानेच बांधले जातात, तिथेही हा प्रश्न नाही.

पुढचं अपग्रेड करण्याआधी अर्धा तास काढून जुन्या सर्व्हरवर एक काम करा. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स या क्वेऱ्यांचा वेळ नोंदवणाऱ्या एक्स्टेन्शनमधून एकूण वेळ सर्वाधिक खाणाऱ्या वीसेक क्वेऱ्या काढा, त्यांत वर्षातून एकदाच चालणारे अहवाल आपल्या हाताने घाला, आणि प्रत्येकीचा प्लॅन फाइलमध्ये साठवा. अपग्रेडनंतर ही जुनी मोजमापं उरत नाहीत. (१३ पासून यातला एकूण वेळेचा कॉलम टोटल-एक्झेक-टाइम झाला आहे, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट चुकते.) मग नव्या सर्व्हरची चाचणी घेताना फक्त संकलन आणि पावती चालवू नका. फरक बिल, वार्षिक ताळेबंद, ऑडिटचे अहवाल चालवून बघा आणि प्लॅन जुन्याशी जुळवा.

थेट १८ वर जाणार असाल तर पीजी-अपग्रेड बहुतांश आकडेवारी बरोबर आणतं, जुन्या व्हर्जनवरून येतानासुद्धा. क्रिएट स्टॅटिस्टिक्सने मुद्दाम बनवलेली विस्तारित आकडेवारी मात्र येत नाही. त्यासाठी व्हॅक्यूम-डीबीला ‘मिसिंग-स्टॅट्स-ओन्ली’ हा नवा पर्याय आहे. जिथे आकडेवारी नाही तेवढीच टेबलं तो घेतो. शिवाय १८ मध्ये नवा क्लस्टर (सर्व्हरचा सगळा डेटा-साठा) बनवताना चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारे तपास-अंक) आपोआप चालू असतात. जुन्यात बंद असतील तर पीजी-अपग्रेड पुढे जाऊ देत नाही. नवा क्लस्टर चेकसम बंद करून बनवा किंवा आधी जुन्यात ते चालू करून घ्या.

इतकं करूनही एखादी क्वेरी हटत नसेल आणि जाणत्या माणसाला विचारायची वेळ आली, तर त्याच्यासमोर एवढं ठेवा: जुनं आणि नवं व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टीम बदलली का, क्वेरी जशीच्या तशी, बफर्ससह पूर्ण प्लॅन, संबंधित टेबलांच्या ओळसंख्या आणि त्यांवरचे इंडेक्स, आणि मूळपेक्षा वेगळ्या असलेल्या सेटिंगची यादी. प्लॅनचा स्क्रीनशॉट देऊ नका, मजकूर द्या. स्क्रीनशॉटमध्ये उजवीकडचे लूप्सचे आकडे नेहमी कापले जातात. आणि सभासदांची नावं, खाते क्रमांक त्यातून आधी काढून टाका.